भासऱ्यापुढची खुर्ची

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी कधीच बोलत नसत, आणि त्यांच्यात भांडण असं काही नव्हतं. एक माझी माय, आणि दुसरे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर भावसुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्यापुढं खाटेवर किंवा खुर्चीवर बसायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत. घर तर एकच, चूलही एकच. मग मधे कोणीतरी लागायचं, आणि मला कळायला लागल्यापासून ते कोणीतरी म्हणजे मीच होते. "छाये, मोठ्याबाबाले सांग, भात झाला," असं माय सैपाकखोलीच्या दारातून म्हणायची. मोठेबाबा तिथंच छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलेले असायचे, त्यांना शब्द न् शब्द ऐकू गेलेला असायचा, तरी ते माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. मी "मोठेबाबा, भात झाला" म्हटलं की "आलोच म्हणा" असं मलाच सांगायचे. मग मी आत वळायची, तोवर मायनं पाटावर ताट मांडलेलंही असायचं. लहानपणी मला वाटायचं की मोठ्या माणसांचं बोलणं असंच असतं, त्यात एक लहान पोट्टी लागतेच.

घर सानगडीच्या अलीकडच्या गावात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. पहाटे आधी मोठ्याबाबांचं खाकरणं ऐकू यायचं, मग त्यांचा रेडिओ, मग कोठ्यातल्या बैलांच्या गळ्यातल्या घंट्या. बातम्या सुरू झाल्या की घरात कोणी भांडं आपटायचं नाही. पावसाळ्यात तनशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ओला वास मागच्या सांदवाडीतून थेट अंथरुणापर्यंत यायचा. जेवण म्हणजे भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, भेदऱ्याची, म्हणजे टमाटरची, चटणी, आणि तलावातले बारीक झिंगे मिळाले तर त्या दिवशी सगळ्यांचीच भूक वाढायची. थंडीत पोपटाच्या शेंगा वांग्यात टाकून मोठीमाय, म्हणजे मोठ्याबाबांची बायको, अशी भाजी करायची की बाबा बोलायचेच नाहीत, नुसते ताट पुढं करायचे. बाबा तसेही कमी बोलायचे. थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर ते आयुष्यात एकदाच गेले. तोच दिवस मला इथं सांगायचा आहे.

मोठेबाबा माझ्या लहानपणी दोन खेपा सरपंच होते. करारी माणूस. गावात कोणाच्या घरी वाटणी असो, सोयरीक तुटण्याची वेळ असो, निरोप त्यांनाच. मग एके वर्षी सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली. लोक छपरीत येऊन बसले आणि म्हणाले, जागा राखीव झाली म्हणून काय झालं, घर तर तेच हाय. मोठ्यामायनं "माह्यानं नाही होत बापा" म्हणून हात झटकले. मोठ्याबाबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुह्या मायले सांग, तिले उभी करून राहिलो." माय सातवी शिकलेली होती, सही ठसठशीत करायची. ती दारातून म्हणाली, "मोठ्याबाबाले सांग, बरं." निवडणूक झाली, माय निवडून आली, सरपंच झाली. गुलाल मात्र मोठ्याबाबांच्या कपाळाला लागला. त्यानंतर पंचायतीचे कागद छपरीत यायचे, मोठेबाबा वाचायचे, माझ्या हाती आत द्यायचे, माय सही करायची आणि मी ते बाहेर आणून द्यायची.

त्याच वर्षी मी साकोलीच्या कॉलेजात नाव घातलं. सानगडीवरून एसटी मिळायची. विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी राज्यशास्त्र लिहून आले. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नव्हतं. मोठ्याबाबांच्या रेडिओवरच्या बातम्या तेवढ्या आवडायच्या. मोठेबाबा हसले. "राज्यशास्त्र? आपलं राज्य थोडीच हाय?" मोठीमाय म्हणाली, नर्साबाई हो, पोटाले तरी लागंल. बाबा बैलाला पाणी दाखवत होते. "शिकू द्या," एवढंच बोलले. आजही प्रवेशाच्या दिवसांत आईबाप मुलांना घेऊन मी शिकवते त्या कॉलेजात माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, मॅडम, राज्यशास्त्र घेऊन काय होते? निवृत्तीला माझी थोडीच वर्षं राहिली, पण या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देणं मला अजून जमलेलं नाही. मी त्यांना बसा म्हणते, पाणी देते, आणि वेळ असला तर आमच्या तलावाची गोष्ट सांगते.

आम्हाला शिकवायला लांजेवार सर होते. बारीक अंगाचे, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत खणखणीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या गावात सत्ता कोणाकडे आहे?" मी चटकन उभी राहिले. "सर, माझी माय सरपंच आहे." पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. मग म्हणाले, "फार छान. आता सांग, शब्द कोणाचा चालतो? आणि लोक तो का ऐकतात? भीतीनं, सवयीनं, की पटतं म्हणून?" मी उभीच राहिले. मला छपरी दिसत होती, मायचं दार दिसत होतं, आणि त्या दोन्हींच्या मधे उभी असलेली मी दिसत होते. सर म्हणाले, "बस. उत्तर आज नको. घरी जा आणि बघ. हा विषय पुस्तकात कमी आणि घरात जास्त आहे."

मग मी बघायला लागले. घर तेच होतं, पण आता मी प्रत्येक निरोपासोबत मनात एक प्रश्न घेऊन चालायची. हे कोणी ठरवलं? न विचारता कसं ठरलं? ज्याला नको होतं त्यानं काय केलं? संध्याकाळी तांदूळ निवडताना मी सरांचं शिकवणं मायला सांगायची. एकदा सरांनी सांगितलं होतं की दोन भावांत भाकर वाटायची असेल तर एकानं तोडावी आणि दुसऱ्यानं आधी उचलावी, म्हणजे तोडणारा आपोआप सारखी तोडतो. मायचे हात सुपातच थांबले. "हे बरं हाय," ती म्हणाली. "म्हणजे तोडणारा देवमाणूस नसला तरी चालते." मी दुसऱ्या दिवशी ते वाक्य सरांना सांगितलं. ते फळ्याकडे वळले आणि जसंच्या तसं लिहून काढलं.

त्या साली पाऊस आधी भरपूर झाला, रोवणे, म्हणजे बायांच्या हातची धानाची लावणी, वेळेवर झाले, आणि मग पावसानं हात आखडला. हस्त नक्षत्र कोरडं गेलं. लवकर पिकणारा हलका धान निभावला होता, पण उशिराचा भारी धान निसवायच्या, लोंबी बाहेर टाकायच्या बेतात होता. त्याला आता पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोचट राहणार हे पोट्ट्यांनाही कळत होतं. तलावात पाणी होतं, पण सगळ्यांना पुरेल असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. आमच्याकडे तलावातून पाणी सोडायच्या दगडी दाराला तुडूम म्हणतात. तुडूम उघडला की पाणी पाटानं खाली जातं. आधी पाळीखालच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं भरतात, मग मधल्या, आणि उरलं तर अगदी टोकाच्या, टोल्याकडच्या, म्हणजे खालच्या लहान वस्तीजवळच्या. पाळीखाली आमची शेती होती आणि आमच्यासारख्या आणखी काही घरांची. टोल्यावर लहान लहान तुकड्यांचे धनी. पाणी कमी पडलेल्या प्रत्येक वर्षी त्यांच्याच बांध्या वाळल्या होत्या. ते कोणी ठरवलेलं नव्हतं, पाणी वरून खाली जातं एवढंच सगळे म्हणायचे.

एका सकाळी पाळीखालची मंडळी छपरीत जमली. चहा झाला. मोठेबाबा बोलले, बाकीचे माना डोलावत राहिले, आणि ठरलं की नेहमीसारखं वरून भरत जायचं. ग्रामसेवकानं ठराव लिहून आणला होता. मोठ्याबाबांनी तो माझ्या हाती दिला. "मायची सही आण."

माय चुलीशी होती. तिनं हात पुसले, कागद घेतला, उजेडाला धरून पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं की ग्रामसभेत सर्वानुमते असं असं ठरलं. तिनं मला विचारलं, "छाये, ग्रामसभा म्हणजे कोण?"

"गावातले सगळे मतदार," मी म्हटलं. "बायाबी. आता माहंबी नाव यादीत हाय, म्हणजे मीबी."

"अन् सभा कधी झाली?"

मायनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. आवाज चढवला नाही, पण छपरीत ऐकू जाईल असं बोलली. "मोठ्याबाबाले सांग, सभा झाली नाही. ज्याच्या बांध्या वाळणार, थो इथं नाही. माही सही होत नाही."

सैपाकखोलीच्या दारापासून छपरीपर्यंतचं ते अंतर मी हजारदा चालले असेन. त्या दिवशी पहिल्यांदा ते सावकाश चालले. सगळ्यांनी ऐकलेलं होतं. तरी मोठेबाबा माझ्या तोंडाकडे बघत थांबले, नेहमीसारखेच. मी शब्द न गाळता सांगितलं. त्यांनी कागदाची घडी उलगडली, सहीची मोकळी जागा पाहिली आणि घडी पुन्हा घातली. मग म्हणाले, "तिले म्हणा, घेऊ दे सभा." आणि पंचा खांद्यावर टाकून शेताकडे निघून गेले. बाबा कोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी आधी भावाच्या पाठीकडे पाहिलं, मग मायच्या दाराकडे, आणि बैलाच्या पुढ्यात चारा टाकायला लागले.

पुढचे दिवस घरात कसे गेले ते काय सांगू. कोणी कोणाला टाकून बोललं नाही. जेवणं झाली, रेडिओ लागला. पण मोठेबाबा मला निरोप देईनात. पाणी पाहिजे असलं तर स्वतः उठून माठाकडे जायचे. मोठीमाय दोन्हीकडून अवघडली. मला एकदा अंगणात धरून म्हणाली, "तुह्या कॉलेजानं आणलं वं हे घरात." मी म्हटलं, मोठीमाय, पाणी कॉलेजानं थोडीच कमी केलं. ती रागावली, आणि मग हसली.

मायनं कोतवालाला दवंडी द्यायला सांगितली. दुपारची वेळ ठेवली, कारण सकाळी बाया कामात आणि सांजेला चुलीशी. दवंडीत मुद्दाम म्हणायला लावलं, बायामाणसांनीबी यावं. लोक हसले. पण सभेच्या दुपारी शाळेच्या आवारात सतरंज्यांची एक बाजू बायांनी भरून गेली. टोल्यावरच्या आल्या, पाळीखालच्याही आल्या. पुढच्या रांगेत मोठीमाय होती, तोंडात सुपारी धरून. समोर पुरुषांत मोठेबाबा सतरंजीवर मांडी घालून बसले होते, त्यांच्या बाजूला बाबा.

टेबलामागं एक लोखंडी घडीची खुर्ची होती. ग्रामसेवक म्हणाला, "अध्यक्षांनी जागा घ्यावी." माय खुर्चीजवळ जाऊन थांबली. भासरा खाली बसलेला आणि ती वर खुर्चीवर बसणार. सगळं आवार ते बघत होतं. मी तिच्या मागं भिंतीशी उभी होते, आणि मला वाटलं की ती आता वळून मला काहीतरी सांगेल, मोठ्याबाबाले सांग म्हणून. ती वळली नाही. तिनं पदर नीट डोक्यावर घेतला, खुर्ची थोडी मागं ओढली, तिचा कर्रकन आवाज झाला, आणि ती बसली. मग सरळ समोर बघून म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही आधी बोला. तुमाले पाण्याचं जास्त समजते."

आम्ही पोरं त्यांना हाक मारायचो तीच हाक. दुसरी तिच्याजवळ नव्हतीच. एवढ्या वर्षांत तिनं ती पहिल्यांदा वापरली.

मोठेबाबा उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता. ते तिच्याकडे बघत नव्हते, लोकांकडे बघत होते. पण त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. "पाणी थोडं हाय," ते म्हणाले. "खाली नेता नेता अर्धं पाटातच जिरंल. सगळ्याइले थोडं थोडं देसाल तं कोणाचाच धान भरणार नाही. त्याच्यापेक्षा अर्ध्या गावाचा तरी पूर्ण पिकू द्या. अर्धं गाव पिकलं तं बाकीच्याइले उसनं द्याले कोणी तरी राहील."

पुरुषांच्या बाजूनं हो जी, हो जी ऐकू आलं. तेव्हा टोल्यावरचा जयराम उठला. तिथली त्याची दोनच बांध्यांची शेती. सभेत बोलायची सवय नव्हती, गमछा हातात पिळत होता. "बाबाजी, तुमचा हिसोब खोटा नाही," तो म्हणाला. "पण अर्धं गाव म्हणजे कोणतं अर्धं? दरसाल आमचंच काहून?"

पुढं मी राज्यशास्त्रात खूप वाचलं. जास्त लोकांचं भलं आणि प्रत्येकाचा वाटा यांचा झगडा मोठमोठ्या ग्रंथांत पाहिला, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले. पण ज्या वेळी मी ते वाचते, त्या वेळी मला मोठेबाबा आणि जयराम समोरासमोर उभे दिसतात, आणि दोघंही खरे दिसतात.

मायनं मला खूण केली. आम्ही दोघींनी पाणी वाटायची नवी तऱ्हा आदल्या दिवसांत कितीदा बोलून पाहिली होती, पण सगळ्या गावापुढं ती मी पहिल्यांदाच मांडत होते. मी म्हटलं की पाणी यंदा टोकाकडून भरत यावं. आधी टोल्यावरच्या बांध्या, मग मधल्या, सगळ्यात शेवटी पाळीखालच्या. "वरच्याले आधी भेटलं तं खाली पोचते का नाही हे बघाले कोणी जात नाही," मी म्हटलं. "पण वरच्याचा नंबर शेवटी असला तं पाट साफ ठेवाचं काम थोच करंल. पाणी कुठं फुटलं, कुठं वाया गेलं, हे थोच धावत जाऊन बघंल. कारण खालचं लवकर भरल्याबगैर त्याचा नंबर लागत नाही. मग मोठेबाबा म्हणतात तसं अर्धं पाणी पाटात जिरणार नाही."

मागून एक जण म्हणाला, "आता बायाच्या हातानं पाणी वाटाचं का?"

पुढच्या रांगेतून मोठीमाय बसल्या जागेवरून म्हणाली, "काहून, रोवणा कोणाच्या हातानं झाला?" बाया हसल्या, मग पुरुषही हसले. हसले नाहीत ते फक्त मोठेबाबा. ते विचार करत होते. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो थेट मायला विचारला, जरी नजर जमिनीवर होती. "अन् शेवटी पाणी पुरलं नाही तं?"

"तं ज्याच्या बांधीत पुरणार नाही, थे सरपंचाची बांधी हाय," माय म्हणाली. "तुडुमाखालची पहिली बांधी आपलीच हाय ना जी. आपला नंबर अखेरचा."

मग हात वर करायला सांगितलं. टोल्याचे हात एकदम वर गेले. बायांचे गेले, काहींचे आधी नवऱ्याकडे बघून, काहींचे न बघता. मोठ्यामायनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली आणि हात वर केला. मीही केला. तो माझा गावातला पहिला हात, आणि तो आमच्याच धानाविरुद्ध होता, तरी मला हलकं वाटत होतं. मग मी बाबांकडे पाहिलं. ते थोरल्या भावाच्या मांडीला मांडी लावून बसले होते. त्यांनी भावाकडे पाहिलं नाही, मायकडेही नाही. त्यांनी फक्त हात वर केला आणि मायनं "खाली घ्या" म्हणेपर्यंत तसाच धरून ठेवला. मोजायची गरज पडली नाही. मोठ्याबाबांचा हात मांडीवरच होता.

सभा संपेपर्यंत मोठेबाबा बसून राहिले. आभार झाल्यावर उठले आणि कोणाशी न बोलता घरी आले. मोठ्यामायनं ताट केलं, ते जेवले, आडवे झाले. मला खात्री होती की आता घर फुटणार. चूल वेगळी होईल, आणि ते माझ्या कॉलेजच्या पुस्तकांमुळं झालं असं गाव म्हणेल.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी अंगण झाडत होते. मोठेबाबा कोठ्यातून फावडं घेऊन बाहेर आले. मी विचारलं, "मोठेबाबा, कुठं जाऊन राहिले?"

"पाटावर," ते म्हणाले. "टोल्याकडचा पाट गाळानं बुजला हाय. साफ केल्याबगैर पाणी कसं जाईल खाली?"

मी झाडू घेऊन तशीच उभी राहिले. ते दोन पावलं पुढं गेले आणि माझं तोंड पाहून थांबले. "मले पटलं नाही, छाये," ते म्हणाले. "पण ठराव झाला. दोन खेपा सरपंच होतो मी. तवा लोकाइनं पटो न पटो, ऐकलंच ना?"

त्यांच्यामागून बाबाही फावडं घेऊन गेले. दुपारपर्यंत पाळीखालची सगळी मंडळी पाटात उतरली होती, गुडघाभर गाळात, आणि टोल्यावरचे लोक दुसऱ्या टोकाकडून साफ करत येत होते. मधे कुठंतरी दोघांची गाठ पडली. माय त्यांच्यासाठी भाकरी आणि चटणी घेऊन गेली, मी मागून पाण्याची घागर. पाटाच्या काठावर मोठेबाबा आणि जयराम एकाच गमछ्याला हात पुसत होते.

त्या आठवड्यात मी कॉलेजात गेले तेव्हा सरांनी मला फळ्यापुढं उभं केलं आणि सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं. शेवटी एका मुलानं विचारलं, ज्यांचा हात वर नव्हता त्यांनी फावडं का उचललं? सर बाकावर बसून ऐकत होते. ते म्हणाले की जिंकणाऱ्यानं राज्य करणं यात काही नवल नाही, हरणाऱ्यानं ते मानणं हे नवल आहे, आणि लोक ते का मानतात हे शोधण्यात माणसाचा जन्म जाईल. माझा गेला, आणि बरा गेला. मी त्या दिवशी एसटीत बसताना ठरवलं होतं की आपण हेच शिकायचं आणि हेच शिकवायचं.

टोल्यावरचा धान भरला. मधल्या बांध्या भरल्या. आमच्या पाळीखालच्या बांध्यांना शेवटचं पाणी मिळालं ते गढूळ आणि थोडं होतं. तुडुमाखालच्या पहिल्या बांधीत ते पुरलं नाही, तिथल्या लोंब्या हातात घेतल्या की हलक्या लागायच्या. मोठेबाबा त्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, रोज जाऊन यायचे. मळणीच्या वेळी मायनं त्या बांधीचा धान वेगळा काढायचा म्हटलं, त्यांनी माझ्याकरवी सांगितलं की सगळ्यात मिसळा, वेगळा कायले ठेवता.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते. पाहुणे येतात, घरोघरी चिवडा आणि चहा चालू असतो, दंडारीच्या खेळाचा ढोल दुपारपासूनच ऐकू येतो. त्या मंडईला पलीकडच्या गावची चार माणसं आली. त्यांच्याही तलावावर पाण्यावरून मारामारीपर्यंत आलं होतं, आणि आमच्याकडे काहीतरी वेगळं झालं असं त्यांनी ऐकलं होतं. ती छपरीत बसली आणि जुन्या ओळखीनं मोठ्याबाबांना म्हणाली, बाबाजी, तुम्ही हे जमवलं कसं ते सांगा.

मी चहा घेऊन दारात होते. वाटलं, मोठेबाबा सांगतील, कारण सांगायचा मान त्यांचाच होता. ते उठले. माझ्या बाजूनं, मला न थांबवता, सैपाकखोलीच्या दारापर्यंत गेले. तिथं ते कधीच जात नसत. दाराबाहेर उभं राहून, आत न बघता म्हणाले, "सरपंचबाई, बाहेर या. लोक तुमालेच भेटाले आले."

आत भांड्यांचा आवाज थांबला. माय बाहेर आली, हात ओले, पदर डोक्यावर. मोठ्याबाबांनी आपली खाट तिच्याकडे सारली आणि स्वतः पाहुण्यांमधे खाली बसले. ती खाटेच्या कडेवर बसली आणि सांगू लागली. सभा कशी घेतली, बाया कशा आल्या, टोकाकडून का भरलं. पाहुणे मधून मधून मान हलवत होते. सगळं ऐकून त्यातला वयस्क माणूस म्हणाला, "बाई, हे सारं खरं. पण आमच्याकडं मोठे लोक ऐकत नाहीत. ज्याले मान्य नव्हतं, त्याले तुम्ही कसं वळवलं?"

माय डोक्यावरचा पदर सावरू लागली. तेव्हा मोठेबाबा खालून म्हणाले, "कोणाले वळवलं नाही तिनं. मान्य नव्हतं थो मीच. अजूनबी नाही. पण पाटाचा गाळ कोणी उपसला, हे टोल्यावर जाऊन इचारा."

माय हसली. भासऱ्यासमोर, तोंडावर पदर न घेता. आणि त्यांनी ते पाहिलं, आणि तेही हसले.